शमीमभाभीचा लाल जवस

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले की मी राख मागायला निघते. लोहाऱ्यात आता चुली कुठे राहिल्या आहेत? पलीकडच्या गल्लीत एका घरी अजून आंघोळीचं पाणी बंबात तापतं. तिथून डबाभर राख आणायची, चाळणीने चाळायची आणि कोरड्या जागी ठेवून द्यायची. साठी उलटलेली निवृत्त मास्तरीण राखेचा डबा पोटाशी धरून रस्त्याने येते हे पाहून लोक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण जवसाचं बी फार निसरडं. नुसतं चिमटीत धरून टाकलं तर एका जागी भसकन पडतं आणि पुढे वीतभर जमीन उघडीच राहते. राखेत कालवलं की कुठे पडलं ते मातीवर दिसतं आणि हात आपोआप पुढे सरकतो. हे मला शमीमभाभीने शिकवलं. शमीमभाभी आमची शेजारीण. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

यंदा राखेच्या डब्याशेजारी एक पाकीट आहे. नागपूरच्या भाचीने मोबाइलवरून कुठून तरी मागवून पाठवलं. सोबत दोन ओळी लिहिल्या, आत्या, तू नेहमी सांगतेस तो लाल जवस हाच का बघ. पाकिटावर फोटो आहे. पाच पाकळ्या, गडद लाल, मधे काळसर ठिपका. मी फोटो चष्मा लावून पाहिला, मग काढून पाहिला, मग उन्हात नेऊन पाहिला. हाच असावा. नसेलही. ज्या फुलाचं वर्णन मी कितीतरी हिवाळे तोंडपाठ म्हणत आले, ते फोटोत ओळखता येऊ नये याची मला लाज वाटली.

आमच्या भागात जवस म्हणजे निळा. हरभऱ्याच्या, गव्हाच्या कडेने जवसाचे चार तास, म्हणजे ओळी, टाकलेले असायचे आणि पौषात सकाळी बसच्या खिडकीतून बघावं तर शेताला निळी किनार लावल्यासारखी दिसायची. फुलांकडे मात्र कुणी फूल म्हणून बघत नसे. जवस ही खायची वस्तू. भाजायचा, तिखट-मीठ-लसूण घालून कुटायचा, बरणीत भरायचा. घराघरांत फळीवर जवसाची एक बाटली असतेच, ती विकत आणली जात नाही, कुणाच्या तरी शेतातून येते. म्हणून मी लग्न होऊन लोहाऱ्यात आले आणि शेजारच्या बाईने पहिल्याच आठवड्यात मला म्हटलं की माझ्याकडे लाल जवस आहे, तेव्हा मला वाटलं ही थट्टा करते आहे.

"लाल नसतो हो जवस," मी म्हटलं. मास्तरीण होते ना. बाभुळगावच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि समोरच्याचं चुकतं आहे हे सांगायची मला घाई असायची.

"पाह्य मंग पौषात," ती म्हणाली. "आता कायले भांडू तुह्याशी?"

आमच्या दोन घरांच्या मधे आठेक हात रुंदीची मोकळी जागा होती. झाड नाही, भिंतीची सावली नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं ऊन. मला विचाराल तर तिथे पापड चांगले वाळले असते. शमीमभाभीने तिथे वाफा केला होता. ती मातीत खत फारसं घालत नसे. पाणीही हात आखडून देई. लाड केले की जवस नुसता वाढतो आणि आडवा पडतो, असं तिचं म्हणणं. एकदम सगळं बी ती कधी पेरायची नाही. दसऱ्यानंतर एक चिमूट, पंधरा दिवसांनी दुसरी, पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरी. एका ओळीचा बहर सरला की दुसरी ओळ तयार, त्यामुळे होळीपर्यंत वाफा लालच लाल राही.

हे बी तिच्या अब्बांचं. ते यवतमाळला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेबाच्या बाईने कधीतरी थंडीतल्या फुलांची बियाणी मागवली, त्यातली बाकीची फुलं एक-दोन वर्षांत संपली, साहेबाचीही बदली झाली, पण हा लाल जवस अब्बांनी धरून ठेवला. दर वर्षी पेरायचा, दर वर्षी बी काढायचं. लेकीच्या लग्नात त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधून थोडं बी तिला दिलं, आणि त्यानंतरच्याच पावसाळ्यात ते गेले. बंगल्यावरचा वाफा पुढे फरशीखाली गेला. शमीमभाभीकडे अब्बांचा एकही फोटो नव्हता. हे बी होतं.

पहिल्या वर्षी तिचं रोप दाट उगवलं म्हणून तिने विरळणी केली. उपटलेली रोपं टाकून देताना मला वाईट वाटलं. मी ती उचलली आणि मिरचीची लावतात तशी चार कुंड्यांमध्ये लावली, वर सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी सगळी माना टाकून बसली. शमीमभाभी कुंड्या बघून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"ताई, मिरचीचं रोप हाय का थे? याची मुळी सरळ खाली जाते, सुईवानी. हालवली की संपलं. अब्बा म्हणत, याले जिथं टाकलं तिथंच राहू द्या."

आणि पौषात ते फुललं. सकाळी नऊच्या सुमारास ऊन वाफ्यावर आलं की कळ्या उघडायच्या. दांड्या इतक्या बारीक की लांबून दिसतच नसत. बघावं तर लाल फुलं आपापली अधांतरी हलत आहेत असं वाटे. पाकळीला रेशमासारखी चकाकी. बाभुळगावची बस मला साडेनऊला धरावी लागे, म्हणून मी चप्पल घालता घालता फुलं बघायची आणि पळायची. संध्याकाळी परत यावं तर दांड्यांवर एक फूल नसे, सगळ्या पाकळ्या खाली मातीवर. जवसाचं फूल एका दिवसाचं, तेही पुरत्या दिवसाचं नाही. शमीमभाभी त्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत झाडायची नाही. "पडू दे, जमिनीले बी दिसू दे," म्हणायची. झाडू बाजूला ठेवून ती माझ्या हातची चहाची बशी घ्यायची आणि आम्ही पायरीवर बसायचो.

तिचे यजमान यासीनभाई जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तो आमच्या घरांपासून दोन रस्ते पलीकडे होता. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की मशीनची घरघर सुरू व्हायची, ती उन्हाळ्यापर्यंत चालायची. त्या दिवसांत हवेत रुई उडायची. दोरीवरच्या कपड्यांवर, दुधाच्या पातेल्यावर, पोरांच्या केसांत, सगळीकडे बारीक पांढरे तंतू. आणि लाल फुलांवर तर ते हमखास दिसायचे. शमीमभाभी रोज सकाळी वाफ्याशी उकिडवी बसून, बोट ओलं करून एकेका फुलावरची रुई टिपून घ्यायची. मी तिला म्हणायची, अगं, संध्याकाळपर्यंत झडणारं फूल ते, त्याला कशाला पुसतेस? ती टिपलेली रुई पदराच्या टोकाला पुसायची आणि पुढच्या फुलाकडे जायची.

मग ती वर्षं आली. कापसाच्या त्या वर्षांबद्दल बाहेरची माणसं येऊन पुष्कळ लिहून गेली, मोठमोठ्या गाड्यांतून आली आणि फोटो काढून गेली. मी त्यात भर घालणार नाही. माझ्या वर्गात हजेरी घेताना नावामागून नाव गैरहजर लागायचं आणि काही नावांपुढे मी कुणाला कारण विचारायची हिंमत करत नसे, एवढं सांगते. बोंडं किडली, पाऊस मधेच तुटला, जो काही कापूस आला त्याला कुणी विचारेना. एक जिनिंग बंद पडलं, मग दुसरं. यासीनभाईंचं जिनिंग त्या दिवाळीनंतर उघडलंच नाही. फाटकावर कुलूप लागलं आणि पंधरा दिवसांत त्या कुलपावर धूळ बसली.

त्या हिवाळ्यात रुई उडाली नाही. मी हा लेख ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे तो हा. लाल जवस त्या वर्षी कधी नव्हे इतका फुलला होता. एका रविवारी सकाळी शमीमभाभी सवयीने बोट ओलं करून वाफ्याशी बसली आणि तशीच बसून राहिली. मी कपडे वाळत घालत होते.

"काय झालं भाभी?"

"आज बी फूल साफ हाय, ताई," ती म्हणाली. "रोजच साफ राहून राह्यलं. बरं नाई वाटत."

यासीनभाईंनी आयुष्यात कधी त्या वाफ्याकडे बघितलं नव्हतं. मशीनच्या रोलरला खाचा पाडणारा माणूस तो, त्याला फुलांचं काय. त्या हिवाळ्यात ते रोज सकाळी आंघोळ करून, कामावर जायचे कपडे घालून दाराशी यायचे, थोडा वेळ रस्त्याकडे बघायचे आणि मग वाफ्यातलं गवत काढायला बसायचे. गवत संपलं तरी बसायचे. मी बसला जाताना त्यांची पाठ दिसायची. मला तेव्हा पगार होता, नोकरी पक्की होती, आणि त्यांच्या पाठीवरून नजर काढून घेत मी बस गाठायची.

होळीनंतर गुजरातेतल्या एका जिनिंगमध्ये त्यांना काम मिळालं. राहायला वरच्या मजल्यावरची एक खोली. शमीमभाभीने पहिला प्रश्न विचारला तो तिथे माती आहे का. जवसाच्या फळालाही आमच्याकडे बोंडच म्हणतात, हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं ते. वाळलेली बोंडं आम्ही दोघींनी तळहातांमध्ये चोळली, फुंकर मारून भुसा उडवला. मूठभर बी तिने स्वतःसाठी पुडीत बांधलं. बाकीचं सगळं एका काचेच्या बाटलीत भरून माझ्या हातात दिलं.

"तुह्या जवळ जमीन हाय. याले चालू ठेवजो, ताई. मी येईन तवा नेईन." मग म्हणाली, "वरती चिठ्ठी लावून ठेव व. जवसासारखा जवस दिसते."

"मास्तरणीला चिठ्ठी लागते का भाभी? दोनशे पोरांची नावं पाठ आहेत मला," मी म्हटलं.

बाटली मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. शेजारी आमच्या गावच्या जवसाची बाटली होती. डावीकडची शमीमभाभीची, उजवीकडची आमची. इतकं सोपं होतं.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास यासीनभाईंच्या ओळखीचा एक माणूस तिकडे जायला निघाला आणि सकाळीच दाराशी येऊन म्हणाला, काही द्यायचं असेल तर तासाभरात द्या, गाडी आहे. शमीमभाभीने पत्रात लिहिलं होतं की इथे सगळं गोड लागतं, तुझ्या हातच्या जवसाच्या चटणीची फार आठवण येते. मी लगेच कढई ठेवली. उजवीकडची बाटली पुरती रिकामी करून जवस भाजला, तडतडला तसा उतरवला, लाल तिखट, मीठ, लसूण घालून खलबत्त्यात कुटला. घाईत थोडा जाडच राहिला, अख्खे दाणे मधेमधे दिसत होते. डबा गच्च भरून दिला. त्या माणसाची पाठ वळल्यावर मला केवढं बरं वाटलं होतं. दिवाळीत तिने शेजारच्यांच्या फोनवरून सांगितलं, "चटणी पोचली, ताई. लय रडली मी खाऊन." मीही रडले.

दिवाळीनंतर मी राख चाळली आणि उरलेल्या बाटलीतलं बी तिच्या वाफ्यात पेरलं. एक चिमूट, पंधरा दिवसांनी दुसरी. कोवळी रोपं आली, दाट होती तिथे विरळ केली, उपटलेली या वेळी मुकाट्याने टाकून दिली. पाणी बेताने. पौषातल्या एका सकाळी चप्पल घालता घालता मी वाफ्याकडे बघितलं तर पहिलं फूल उमललं होतं, आणि ते निळं होतं.

मला वाटलं, एखादा दाणा मिसळला असेल. दुसऱ्या दिवशी नऊ फुलं आली, नऊही निळी. मी स्वयंपाकघरात जाऊन फळीसमोर उभी राहिले. नवरात्राच्या आधी घर आवरताना मी सगळ्या बाटल्या काढून पुसल्या होत्या. परत ठेवताना कुठली डावीकडे ठेवली? माझी मला खात्री होती, म्हणून मी विचारच केला नव्हता. त्या दिवशी माझी बस चुकली. कढईत तडतडलं होतं ते अब्बांचं बी होतं, आणि ते मी माझ्या हाताने कुटून, तिखट-मीठ लावून, त्यांच्या लेकीला खायला पाठवलं होतं.

आठवडाभरात तिचा फोन आला. मी सांगणारच होते. पण तीच आधी बोलली. खोलीच्या गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तिने पुडीतलं सगळं बी पेरलं होतं. "डब्यात उगवलं, वीतभर झालं अन् बसलं, ताई. मुळी खाली जाईन तर कुठं जाईन? पत्रा लागला तिले." मग तिने विचारलं, "तुहा फुलला का व?"

"हो," मी म्हटलं.

"लाल?"

"लालच लाल. काय सांगू तुला. यंदा थंडी चांगली आहे ना, दुपारी चारपर्यंत टिकतात फुलं."

ती म्हणाली, "बरं झालं."

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. मी आधी बी शोधायला निघाले. यवतमाळच्या, नागपूरच्या रोपवाटिका पालथ्या घातल्या, पुसदच्या बाजारात बियाणंवाल्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, जवस निळाच असते मॅडम. साहेबाच्या बंगल्यावर गेले, तिथल्या पहारेकऱ्याने फरशी दाखवली. आणि दर हिवाळ्यात शमीमभाभीचा फोन यायचाच. "फुलला का व?" मी वाफ्याशी उभी राहून, समोरच्या निळ्या फुलांकडे बघत, लाल फुलांचं वर्णन करायची. आज किती उमलली, कुठल्या ओळीत जास्त, वाऱ्यावर कशी हलतात. दर वर्षी ते लाल थोडं जास्तच गडद व्हायचं. माझे यजमान म्हणायचे, सांगून टाक ना एकदाचं, बाई काय खाणार आहे का तुला? पण मी सांगू शकले नाही. तिला दुःख होईल म्हणून सांगितलं नाही असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे तिच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती.

सहा हिवाळे असे गेले. सातव्या वर्षी पुसदला नात्यात लग्न होतं म्हणून ती येणार होती. तसं तिने आठ दिवस आधी कळवलं. त्या आठ दिवसांत मी काय काय ठरवलं. वाफा उपटून टाकते, म्हणते शेळ्यांनी खाल्ला. नाही तर म्हणते, यंदा पेरलाच नाही, पाणी नव्हतं. एकदा तर खुरपं घेऊन बसलेसुद्धा. पण निळं असलं तरी ते जवसच होतं, तिच्याच जागेत, तिच्याच पद्धतीने पेरलेलं, आणि माझा हात चालला नाही.

ती सकाळी दहाला आली. एकटीच. अर्धी झाली होती. तिकडे तीही जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला जात असे आणि दोन वाक्यं बोलली की तिला दम लागत होता. मी तिला घरात नेत होते तर ती वळून सरळ दोन घरांच्या मधल्या जागेत गेली. वाफा पूर्ण फुललेला होता. निळा.

ती बघत राहिली. मग खाली बसली, बोट ओलं केलं आणि एका फुलावरून अलगद फिरवलं. त्यावर काहीही नव्हतं. जिनिंग अजून बंदच होतं.

"भाभी, मला तुला सांगायचं आहे," मी म्हटलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"चटणीत अख्खे दाणे होते. लहानपणापासून त्या दाण्यायवरून हात फिरला माहा. मी आंधारात बी ओळखीन." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मी थे येचून काढले. तिखट-मीठ धुतलं, वाळवले, अन् पेरून पाह्यले डब्यात. भाजलेलं कुठं उगवते? पण पेरले."

मी तिच्या शेजारी मातीत बसले.

"मग तू फोन करून कशाला विचारलंस?"

"वाटलं, बाटलीत मूठभर उरलं असंल. तू लाल म्हणली तर मी खरं धरलं. मंग तू म्हणली की चार वाजेलोक टिकते." तिला जरा हसू आलं, आणि हसता हसता खोकला. "बारा वाजता झडते थे, ताई. तू कधी घरी होती पाह्यले?"

"आणि तरी दर वर्षी विचारत राहिलीस?"

"तू सांगत होती ना मस्त," ती म्हणाली. "त्या खोलीत चार भिंती अन् एक खिडकी. तू सांगे तवा माह्या डोयापुढं अब्बाचा वाफा येई. थेवढाच फुलत होता तो, ताई, तुह्या तोंडून."

मी तिची माफी मागितली का? मागितली. तिने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि भूक लागली म्हणाली. जेवताना ताटात जवसाची चटणी वाढायचा मला धीर झाला नाही. तर तिनेच फळीकडे बोट दाखवून मागितली आणि भाकरीशी पोटभर खाल्ली. बाराच्या सुमारास आम्ही पायरीवर बसलो आणि निळ्या पाकळ्या गळताना पाहिल्या. आवाज होत नाही त्यांचा. शाळेत नाही तर रविवारच्या कामात असायची, म्हणून इतकी वर्षं त्या घरात राहून मी ते पहिल्यांदा पाहत होते.

पुसदच्या बसमध्ये चढताना ती म्हणाली, "पुढल्या पौषात फोन करीन. सांगजो."

"काय सांगू आता?"

"लाल," ती म्हणाली. "आणखी काय."

त्यानंतर दोन हिवाळे मी सांगितलं आणि तिने ऐकलं. आता दोघींनाही माहीत होतं, तरी मी काही कमी करून सांगितलं नाही, तिनेही काही कमी ऐकलं नाही. शेवटच्या फोनवर तिचा श्वास शब्दांपेक्षा मोठा ऐकू येत होता. पुढचा पौष आला आणि फोन वाजलाच नाही. मी करायला हवा होता. मी वाट पाहत बसले, कारण दर वर्षी तीच करायची. माघात यासीनभाईंचा फोन आला की शमीम गेली. दफन तिकडेच झालं. मी विचारलं, मातीत? हा काय प्रश्न झाला, मला माझंच कळेना. ते म्हणाले, "हां बाई, मिट्टी अच्छी थी."

तर यंदा मी भाचीच्या पाकिटातलं बी राखेत कालवलं. पाकिटावर पत्ता, तारीख, नाव सगळं छापलेलं होतं, तरी पाकीट हाती आल्या आल्या मी त्यावर पेनने मोठ्या अक्षरांत लाल जवस असं लिहून ठेवलं. एक चिमूट, पंधरा दिवसांनी दुसरी. पाणी बेताने. आज सकाळी नऊ वाजता ऊन वाफ्यावर आलं आणि सात फुलं उमलली. लाल.

मी बघत राहिले. सुंदर आहेत. दांड्या तशाच बारीक, पाकळ्यांना तीच चकाकी. पण हे तेच लाल का, हे मला सांगता येत नाही. अब्बांचं लाल मी इतक्या वेळा शब्दांनी रंगवलं, इतकं गडद केलं, की खरं कसं होतं ते माझ्याकडून पुसलं गेलं आहे. बघून हो किंवा नाही म्हणू शकणारी एकच बाई होती. तिच्या जागी बोट ओलं करून मी एका फुलावरून फिरवलं. पलीकडे जिनिंगच्या जागेवर आता गोदाम आहे.

साडेनऊला मी यासीनभाईंना फोन लावला. नंबर तोच आहे. ते आता फार थकले आहेत, काम कधीच सुटलं, मुलाकडे असतात. मी माझं नाव सांगितलं. ओळखलं त्यांनी.

"भाई, लाल जवस फुललाय," मी म्हटलं.

ते अगदी हळू, समजूत घालावी तसं बोलले. "रहने दो ना अब, बाई. अब किसके लिए बोलते?"

"नाही भाई, खरंच. सात फुलं आहेत. माझ्यासमोर आहेत."

"हां बाई," ते म्हणाले. "लाल हैं. बहोत लाल."

मी फोन ठेवला आणि पायरीवर बसले. आज मला कुठलीही बस धरायची नव्हती. बाराच्या सुमारास पहिली पाकळी खाली पडली.